बाबांना हल्ली सगळ्यालाच वेळ लागतो

ज्येष्ठांचं आरोग्य : वाचकांचे प्रश्न

या महिन्याच्या पत्रांत तक्रार एकच आहे, आमचं माणूस मंदावलंय. किती मंदावलंय याची वर्णनं सगळ्यांनी भरभरून केली आहेत. कधीपासून, हे मात्र दोघांनीच लिहिलं होतं. बाकीच्यांना संपादकांनी फोन करून विचारलं. यापुढे लिहिताना तेवढं आठवणीने लिहा. दहा-पंधरा वर्षांत आलेला संथपणा, सहा महिन्यांत आलेला आणि गेल्या आठवड्यात आलेला, हे तीन वेगळे आजार असू शकतात. पहिला तर बहुतेक वेळा आजारच नसतो.

प्रश्न : माझे सासरे ७४ वर्षांचे आहेत. साखर कारखान्यात काट्यावर होते. ट्रॉलीचं वजन तोंडी वजा करून सांगायचे. गेल्या दिवाळीपासून सगळंच मंदावलंय. आंघोळीला पाऊण तास लागतो, शर्टाची बटणं लावता लावता थांबतात, घास हातात धरून बसतात. चेहऱ्यावर काही दिसत नाही, आल्यागेल्याला वाटतं रागावलेत. सही इतकी बारीक झाली की बँकेने चेक परत पाठवला. हात थरथरत नाहीत, त्यामुळे कंपवात नाही असं घरात सगळे म्हणतात. डॉक्टर म्हणतात, वय झालं. बीपीची गोळी, साखरेसाठी मेटफॉर्मिन आणि दोन वर्षांपासून सकाळी गॅसची गोळी चालू आहे. मला नोकरीवर जायचं असतं, सकाळी माझा आवाज चढतो, यजमान म्हणतात त्यांना घाई करू नकोस, आणि मग दिवसभर वाईट वाटतं.
— एक सून, वाळवा तालुका

उत्तर : ताई, वय काही दिवाळीच्या मुहूर्तावर होत नाही. त्याच्या आदल्या वर्षीही ते म्हातारेच होते आणि वजाबाकी करत होते. तेव्हा 'वय झालं' हे उत्तर बाजूला ठेवू.

तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे, ती म्हणजे गॅसची गोळी. तिची स्ट्रिप उलटी करा आणि बारीक अक्षरं वाचा. 'प्राझोल'ने संपणारं एक नाव असेल, ते ॲसिड कमी करणारं. त्याच्या शेजारी दुसरं नाव आहे का ते पाहा. तिथे 'लेव्होसल्पिराइड' असेल, तर सासऱ्यांच्या मंदपणाचं कारण त्या स्ट्रिपमध्येच असण्याची बरीच शक्यता आहे. हे औषध जठराची हालचाल वाढवतं, पोट हलकं वाटतं, म्हणून लोकांना आवडतं. पण ते डोपामिन या रसायनाचा रस्ता अडवतं, आणि हा रस्ता ते फक्त पोटात अडवत नाही, मेंदूतही अडवतं. हातापायांच्या हालचाली सुरू करायला, त्यांना वेग द्यायला मेंदूला डोपामिन लागतं. ते पोचलं नाही की माणूस अगदी कंपवात झाल्यासारखा दिसू लागतो. पावलं आखूड पडतात, चेहरा कोरा होतो, अक्षर बारीक होत जातं. हेच मळमळीच्या मेटोक्लोप्रमाइडने होतं, चक्करेसाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या सिनॅरिझिन आणि प्रोक्लोरपेराझिनने होतं, अर्धशिशीच्या फ्लुनारिझिननेही होतं. यातली बरीच औषधं चार-आठ दिवसांसाठी म्हणून लिहून दिलेली असतात. मग मेडिकलवाला ओळखीचा, जुनी चिठ्ठी खिशात, आणि पाच दिवसांची गोळी पाच वर्षं चालते. आपल्याकडे गॅस या एका तक्रारीपोटी जेवढ्या गोळ्या खपतात तेवढा गॅस महाराष्ट्रात मुळात आहे का, याची मला शंका आहे.

तर या आठवड्यात सगळ्या स्ट्रिपा एका पिशवीत घालून फिजिशियनकडे जा. बीपीची, साखरेची, झोपेची, सर्दीची, शेजाऱ्याने दिलेली आयुर्वेदिक पुडी, सगळं न्या. नुसती चिठ्ठी नको, कारण चिठ्ठीत नसलेलंच घरात जास्त असतं. 'ही गोळी बंद करता येईल का' असं थेट विचारा. बंद केल्यावर दुसऱ्या दिवशी फरक पडत नाही. काही आठवडे, काहींना काही महिने लागतात. तोवर धीर धरावा लागेल.

आता दुसरी शक्यता. स्ट्रिपमध्ये असं काही नसेल, किंवा औषध बंद करून सहा महिने झाले तरी मंदपणा तसाच राहिला, तर खरोखरचा कंपवात म्हणजे पार्किन्सन असू शकतो. हात थरथरत नाहीत म्हणून तो नाही, हा समज घरोघरी आहे आणि चुकीचा आहे. बऱ्याच रुग्णांत सुरुवातीला कंप नसतोच. या आजाराचं मुख्य लक्षण मंदपणा आहे, कंप नाही. सहसा तो एका बाजूने सुरू होतो, म्हणजे चालताना एक हात झुलेनासा होतो, एकाच पायाची चप्पल घासते. औषधाने आलेला मंदपणा बहुधा दोन्ही बाजूंना सारखा असतो. आणखी एक विचारा, फोडणीचा वास येतो का? पार्किन्सनच्या पुष्कळ रुग्णांचा वास हालचाल मंदावण्याच्या कितीतरी वर्षं आधी गेलेला असतो. बद्धकोष्ठही तसंच. फक्त या खुणांवरून घरी निदान करू नका, त्या न्यूरॉलॉजिस्टला सांगण्यासाठी आहेत.

त्यांच्याकडे जाताना मोबाइलवर सासऱ्यांचा चालतानाचा, वळतानाचा आणि बटणं लावतानाचा व्हिडिओ करून न्या. दवाखान्यात डॉक्टरांसमोर माणूस ताठ होऊन चालतो आणि घरी आल्यावर पुन्हा पाय ओढतो. लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजाराचं पहिलं नीट वर्णन लिहिलं ते सहा माणसांवरून, आणि त्यातल्या काहींना तर त्यांनी फक्त रस्त्यात चालताना पाहिलं होतं. चाल इतकं सांगते.

पार्किन्सन निघालाच तर लेव्होडोपा या औषधाने मंदपणाला चांगला उतार पडतो. ती गोळी जेवणाच्या साधारण अर्धा तास आधी द्यायची, कारण डाळ, दूध, अंडं यातली प्रथिनं तिला आतड्यात अडवतात. कुणी खाजकुहिलीचं चूर्ण सुचवेल. त्या बियांत खरंच लेव्होडोपा असतं, थोतांड नाही. पण पुडीत नेमकं किती आहे हे कळत नाही, आणि डॉक्टरांची गोळी चालू असताना वरून ते घेतलं तर डोस दुप्पट होतो. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, तिथे रुग्ण आणि घरचे एकत्र भेटतात. तुम्हाला लांब पडेल, तरी संपर्क ठेवा. त्यांना बरंच काही ठाऊक असतं जे आम्हा डॉक्टरांना सुचत नाही.

मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल आणि घरात शाकाहार असेल तर बी-१२ तपासून घ्या. ॲसिड कमी करणाऱ्या गोळीनेही ते घटतं. म्हणजे सासऱ्यांकडे दोन्ही कारणं हजर आहेत.

बँकेत नवीन नमुना सही देता येते, ते काम लगेच करा.

राहिली सकाळ. घाई केली की असा माणूस आणखी अडकतो, जागच्या जागी खिळतो. त्यामुळे तुमच्या यजमानांचं म्हणणं बरोबर आहे, पण मग बटणं त्यांनी लावून द्यावीत, नुसता सल्ला देऊ नये. आंघोळीला प्लास्टिकचं स्टूल द्या, सदऱ्याऐवजी पुढून उघडणारा सैल बंडीसारखा कपडा द्या, आणि तुम्ही घराबाहेर पडल्यावर सासऱ्यांची आंघोळ ठेवा. रिटायर माणसाला साडेआठलाच आंघोळ कशाला हवी?

प्रश्न : माझे मालक ७९ वर्षांचे. शेतावर जायचे रोज. आता पंधरा दिवस झाले गप्प असतात, झोपून असतात, हाक मारली की उशिरा 'ओ' देतात. चालताना एक पाय ओढल्यासारखा करतात. महिन्यापूर्वी बांधावरून घसरले होते, डोक्याला टेंगूळ आलं होतं, पण लगेच उठून बसले. ॲन्जिओप्लास्टी झाल्यापासून रक्त पातळ व्हायची गोळी आहे. लोक म्हणतात, आता थकले.
— सोलापूर जिल्हा

उत्तर : ताई, हे पत्र छापण्याची वाट आम्ही पाहिली नाही, संपादकांनी तुम्हाला त्याच दिवशी फोन केला होता. इथे छापतो आहोत ते इतरांसाठी.

वयाबरोबर मेंदू थोडा आक्रसतो, त्यामुळे मेंदूपासून कवटीखालच्या आवरणापर्यंत जाणाऱ्या बारीक नसा ताणलेल्या असतात. साध्या मारानेही एखादी फुटते. रक्त थेंब थेंब झिरपतं, आणि रक्त पातळ करणारी गोळी असेल तर ते थांबत नाही. त्या दिवशी काहीच होत नाही. तीन-चार आठवड्यांनी, पडलेलं सगळे विसरलेले असताना, माणूस सुस्तावतो, असंबद्ध बोलतो, एक पाय ओढतो. डोक्याचा सीटी स्कॅन हे दाखवतो. गरज पडली तर कवटीला लहान छिद्र पाडून साचलेलं रक्त काढतात, आणि या वयातही माणसं त्यातून उठून चालू लागतात. रक्ताची गोळी थांबवायची का, केव्हा सुरू करायची, हे फक्त डॉक्टर ठरवतील.

पडल्याचा इतिहास नसतानाही चार-आठ दिवसांत आलेली सुस्ती ही दवाखान्यात नेण्याचीच गोष्ट आहे. लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, रक्तातलं सोडियम खूप घसरणं. बीपीसाठी लघवीची गोळी चालू, त्यात मीठ बंद, त्यात जेवण कमी, अशा आजी-आजोबांचं सोडियम उन्हाळ्यात हमखास घसरतं. म्हातारं माणूस तापाने फणफणेलच असं नाही. कित्येकदा ते नुसतं गप्प होतं.

प्रश्न : मी ७१ वर्षांची निवृत्त शिक्षिका. छत्तीस वर्षं गणित शिकवलं. आता रमीत माझी पाळी आली की सगळे थांबून बघतात. बाजारात जुना विद्यार्थी भेटला, नाव आठवेना, घरी येऊन कुकर लावताना आठवलं. मोबाइलवर ओटीपी टाकेपर्यंत त्याची वेळ संपते. नातू म्हणतो, आजी तू लोड व्हायला वेळ घेतेस. हसते मी, पण रात्री झोप लागत नाही. ही स्मृतिभ्रंशाची सुरुवात असेल का? हे सगळं हळूहळू आलंय, नेमकं कधी ते सांगता येणार नाही.
— एक बाई, नाशिक

उत्तर : बाई, नेमकं कधीपासून ते सांगता येत नाही, हीच त्यातली चांगली बातमी.

डोक्याचा वेग, म्हणजे समोर आलेली गोष्ट पाहून, तोलून, उत्तर देण्याचा वेग, विशी-तिशीत सर्वांत जास्त असतो आणि तिथूनच उतरू लागतो. साठीपर्यंत कळत नाही कारण अनुभव ती तूट भरून काढत असतो. शब्दसंपत्ती, सामान्य ज्ञान, माणसांची पारख या गोष्टी साठीपर्यंत वाढतच असतात आणि त्यानंतरही बराच काळ टिकतात. तुमच्या नातवाला शब्दकोड्यात हरवा, मग बघू कोण लोड होतंय.

विद्यार्थ्याचं नाव कुकर लावताना आठवलं, म्हणजे ते गेलं नव्हतं, सापडायला उशीर झाला. विद्यार्थी भेटला होता हेच संध्याकाळी आठवलं नसतं, तर मी वेगळं उत्तर दिलं असतं. मला काळजी कधी वाटेल ते सांगते : रोजच्या रस्त्यावर वाट चुकलात, एकच प्रश्न तासाभरात चारदा विचारलात, आयुष्यभर ज्या हातांनी हिशेब केला त्यांना दूधवाल्याचा महिन्याचा हिशेब जमेनासा झाला. आणि हे तुमच्याआधी घरच्यांच्या लक्षात आलं, तर जास्त. रमीत हरायला लागलात हे यात धरू नका, पत्ते वाईट येऊ शकतात.

ओटीपीचं म्हणाल तर तो दोष तुमचा नाही. तीस सेकंदांत मेसेज उघडा, सहा आकडे लक्षात ठेवा, दुसऱ्या पानावर जा, टाका, ही कसरत पंचविशीतल्या माणसाने पंचविशीतल्या माणसासाठी रचलेली आहे. मी ६८ वर्षांची आहे आणि ते आकडे सरळ पेनाने हातावर लिहिते.

दोन गोष्टी मात्र तपासून घ्या. एक, कान. नातू बोलतो त्यातले निम्मे शब्द अंदाजाने जुळवावे लागत असतील, तर उत्तराला वेळ लागणारच, आणि लोक त्याला डोकं मंद झालं म्हणतात. दोन, तुम्ही झोपेचं लिहिलंय. झोपेची गोळी सुरू केली नाहीत ना? अल्प्राझोलामसारख्या गोळ्या आणि सर्दीच्या गोळ्यांतलं क्लोरफेनिरामिन या वयात दुसऱ्या दिवशीपर्यंत डोकं जड ठेवतात.

आणि चालताना बोलू नका. हे शिस्तीसाठी नाही. स्वीडनमध्ये वृद्धनिवासातल्या ५८ जणांना चालता चालता सहज प्रश्न विचारून पाहिलं. उत्तर द्यायला १२ जण जागेवर थांबले. पुढच्या सहा महिन्यांत त्या १२ पैकी १० जण पडले. १९९७ साली हे प्रसिद्ध झालं. चालणं आणि बोलणं दोन्ही एकाच वेळी सांभाळायला मेंदू कमी पडतो आहे, याची ती खूण होती. रस्ता ओलांडताना फोन वाजला तर वाजू द्या.

प्रश्न : माझी बहीण ६९ वर्षांची. वर्षभरात फार सुस्त झाली आहे. आवाज घोगरा झालाय, तोंडावर सूज वाटते, एप्रिलमध्ये पुण्यात स्वेटर घालून बसते. वजन वाढलंय, पोट साफ होत नाही. नैराश्य असेल का?
— पुणे

उत्तर : असेलही, पण आधी टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करा. एप्रिलमधल्या स्वेटरने जवळजवळ सांगूनच टाकलंय. थायरॉइड कमी निघालं तर गोळी अगदी कमी डोसने सुरू करून सावकाश वाढवतात, कारण या वयात हृदयावर एकदम ताण नको. सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यायची, चहाबरोबर नाही. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी असेल तर मध्ये चार तास जाऊ द्या.

प्रश्न : मी टोरांटोला असतो. आई ठाण्यात एकटी राहते, ७६ वर्षांची, वजन ४८ किलो. सोसायटीत रोज अर्धा तास चालते, तरी दर वर्षी गेलो की ती आणखी हळू झालेली दिसते. सोफ्यावरून उठताना हाताने रेटा द्यावा लागतो. तपासण्या नॉर्मल आहेत. तिला जास्त चालायला सांगू का?
— एक मुलगा

उत्तर : नको. चालणं चांगलंच आहे, चालू राहू द्या, पण तुमच्या आईंची अडचण मांडीत आहे. त्या सोफ्यावरून उठताना हात टेकतात, हे तुम्ही बरोबर टिपलंत.

आधी मोजा. घरात सहा मीटर अंतरावर चिकटपट्टी लावा आणि त्यांना नेहमीच्या चालीने चालू द्या. सहा सेकंदांपेक्षा जास्त लागले, तर वेग कमी आहे. मग खुर्चीवरून, हात छातीशी बांधून, पाच वेळा उठायला-बसायला सांगा. बारा सेकंद किंवा जास्त लागले, तर ताकद कमी आहे. स्नायूंच्या ऱ्हासासाठी आशियातल्या तज्ज्ञांनी २०१९ मध्ये हेच आकडे ठरवले. शेजारच्या कुणाला तरी बाजूला उभं करा, व्हिडिओ कॉलवर एकटीने करायला लावू नका.

उपाय व्यायामाचा आहे, पण ताकदीच्या व्यायामाचा. १९९० साली बोस्टनमध्ये सरासरी नव्वदीच्या दहा वृद्धांकडून आठ आठवडे वजनं लावून पायांचा व्यायाम करून घेतला, तेव्हा त्यांची पायांची ताकद जवळजवळ पावणेतीनपट झाली होती. तुमच्या आई त्यांच्यापुढे तरुण आहेत. खुर्चीवरून उठ-बस दिवसातून दोनदा आठ-दहा वेळा, स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून टाचा उचलणं, आणि ते सोपं जायला लागलं की घोट्याला वजनाची पट्टी. पहिला महिना फिजिओथेरपिस्टला घरी येऊ द्या. जिना चढताना छातीत दुखत असेल किंवा दम लागत असेल, तर आधी हृदय तपासा.

दुसरा भाग ताटातला. ४८ किलोच्या बाईंना दिवसाला साधारण ५० ते ५५ ग्रॅम प्रथिनं हवीत. एकटी राहणारी माणसं काय जेवतात ते मला माहीत आहे : सकाळी चहा-खारी, दुपारी भात आणि पातळ वरण, रात्री 'भूक नाही' म्हणून दूध-पोहे. त्या वरणाच्या वाटीत पाचेक ग्रॅम, पेलाभर दुधात सहा-सात. बेरीज तुम्हीच करा. वरण घट्ट करा, पिठलं, मुगाचं घावन, मूठभर दाणे, दही, चालत असेल तर रोज अंडं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच. आणि त्या चातुर्मासात एकभुक्त राहतात का ते विचारा. राहत असतील तर चार महिन्यांत जे स्नायू जातात ते या वयात सहजी भरून येत नाहीत. हे सांगताना तुम्ही ओरडून सांगू नका, त्यांच्या भजनी मंडळातल्या एखाद्या मैत्रिणीला सांगायला लावा. मुलाचं उपवासाबाबत कोण ऐकतं?

प्रश्न : यजमान ७२ वर्षांचे. स्कूटर सोडत नाहीत. म्हणतात, लायसन्स आहे. मला मागे बसायची भीती वाटते.
— कोल्हापूर

उत्तर : पंचावन्न उलटल्यावर लायसन्स पाच-पाच वर्षांनीच नवं होतं आणि डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं, पण त्या कागदावर उजवीकडे वळताना ते किती वेळात निर्णय घेतात हे कुठे लिहिलेलं नसतं. समोरून येणाऱ्या गाडीचा वेग, मागचा हॉर्न, मधूनच निघालेली रिक्षा, सगळं एकाच क्षणी तोलायचं असतं, आणि वय नेमकं तिथे आडवं येतं. स्कूटरवर नवे ओरखडे दिसतात का? संध्याकाळी समोरच्या दिव्याने डोळे दिपतात का? दिपत असतील तर मोतीबिंदू तपासा, ऑपरेशननंतर पुष्कळ फरक पडतो. मान वळवून मागे बघता येते का? यात दोन उत्तरं नकोशी आली तर स्कूटर दिवसा, ओळखीच्या रस्त्यावर, भाजी आणि वाचनालयापुरती ठेवा, आणि तुम्ही रिक्षाने जा. तुम्हाला भीती वाटते हे त्यांना मुलांमार्फत न सांगता स्वतः सांगा. किल्ली मात्र लपवू नका. ते महाद्वार रोडला जाऊन दुसरी करून आणतील, आणि तेही स्कूटर ढकलत नेऊन.